आधी दळण, मग मशीन

घरच्या ओट्यावर एस्प्रेसो करायची हौस आणि खिशात मोजून ३० हजार रुपये! महिनाभर शॉपिंग साइट्सवर डोळे फोडून झाल्यावर मी सरळ बॅग भरली आणि कॉफीच्या गावाला गेले. तिथे कळलं, आपली यादीच उलटी होती.

दुपारचे साडेतीन. जेवण अंगावर आलेलं, एसीची झुळूक मानेवर आणि समोर एक्सेलची न संपणारी शीट. तेवढ्यात चॅटवर कुणीतरी टाकतं, 'कॉफी?' पुढच्या दहा मिनिटांत चार जण खालच्या कॅफेत. काय, ओळखीचं वाटतंय ना? २५० रुपयांचा एक कॅपुचिनो, महिन्याचे २२ दिवस, म्हणजे झाले साडेपाच हजार. मी फ्रीलान्सर, त्यामुळे ऑफिस नाही, पण मीटिंगा सगळ्या कॅफेतच. हिशेब तोच. फरक एवढाच की तुमचा पगार एक तारखेला जमा होतो आणि माझा चेक कायम 'प्रोसेसमध्ये' असतो.

तर असाच एक चेक आठ महिने प्रोसेसमध्ये राहून गेल्या डिसेंबरात एकदाचा सुटला. रक्कम ३० हजार. त्याच संध्याकाळी मी घरात जाहीर केलं, "मी एस्प्रेसो मशीन घेतेय."

आईनं पोळी लाटता लाटता विचारलं, "आणि माळ्यावर आहे ते काय आहे?"

त्याचं काय आहे, आमच्या डोंबिवलीच्या वन बीएचकेच्या माळ्यावर एक मशीन आधीच झोपलेलं आहे. दोन वर्षांपूर्वी सेलमध्ये साडेपाच हजारांत घेतलेलं. त्यातून जे यायचं त्याला घरात 'काढा' म्हणायचे. तीन आठवड्यांत ते खोक्यात गेलं, खोकं माळ्यावर गेलं आणि घरात कुणी काही विकत घ्यायचं म्हटलं की त्या खोक्याचा उल्लेख होऊ लागला. "३० हजारांत फ्रिज येतो," आईनं पुढची पोळी तव्यावर टाकली. विषय संपला.

म्हणजे या वेळी चूक परवडणार नव्हती. पैशाच्या दृष्टीनं नाही आणि इज्जतीच्या तर मुळीच नाही!

मी रीतसर यादी केली. मशीन २८ हजारांपर्यंत. उरलेल्यात बीन्स आणि एक झकास कप. दळायला घरचा मिक्सर आहेच की. पण १५ बार, २० बार, थर्मोब्लॉक, बॉयलर, ५१ मिमी, ५८ मिमी... वाचून वाचून डोकं भणभणायला लागलं. तेवढ्यात एक फोटोग्राफर मैत्रीण म्हणाली, "जानेवारीत चिकमगळूरला चाललेय. ज्या होमस्टेला उतरणार आहे ना, तिथल्या मालकांचा मुलगा कॉफीवेडा आहे. येतेस?" आता हे विचारायचं असतं का?

धाकट्या मुलीचं गाव

दादरहून म्हैसूरकडे जाणारी गाडी पकडायची आणि मिरज, बेळगाव, हुबळी करत कडूरला उतरायचं. तिथून चिकमगळूर ४० किलोमीटरवर. एसटीसारखीच लाल बस, खिडकीबाहेर नारळ-सुपारीच्या बागा आणि समोर हळूहळू उंच होत जाणारे डोंगर. 'चिक्क मगळ ऊरु' म्हणजे कानडीत धाकट्या मुलीचं गाव. इथल्या एका राजानं ते धाकट्या लेकीला आंदण दिलं, अशी कथा सांगतात. थोरलीला दिलेलं हिरेमगळूर शेजारीच आहे.

गावामागे बाबाबुदनगिरीची रांग. सतराव्या शतकात बाबा बुदान नावाचे सूफी संत हजहून परतताना येमेनच्या मोखा बंदरातून कॉफीच्या सात बिया लपवून घेऊन आले आणि त्या इथल्या डोंगरात लावल्या, अशी ही प्रसिद्ध आख्यायिका. तेव्हा अरब व्यापारी उगवू शकेल असं बी बाहेर जाऊ द्यायचे नाहीत, म्हणून ही चोरी. याच रांगेत मुळ्ळयनगिरी, उंची सुमारे १,९३० मीटर. कर्नाटकातलं सर्वांत उंच शिखर. आपल्या कळसूबाईपेक्षा पावणेतीनशे मीटरनं जास्त! गाडी बरीच वर जाते, शेवटी पायऱ्या चढायच्या. वर गेलात की ढग पायाखाली आणि दम छातीत.

आणि हो, आपल्या पिढीनं कॉलेजात जिथे पहिला कॅपुचिनो प्यायला, त्या कॅफे कॉफी डेची मुळंही याच जिल्ह्यातल्या मळ्यांत. १९९६ मध्ये बंगळुरूच्या ब्रिगेड रोडवर त्यांचं पहिलं कॅफे सुरू झालं होतं.

मळा म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर मुन्नारच्या चहासारखी कापलेली, स्वच्छ उन्हातली झुडपं होती. प्रत्यक्षात हे चक्क जंगल निघालं. वर सिल्व्हर ओकची उंच झाडं, त्यांच्या खोडांवर चढलेले मिरीचे वेल आणि त्यांच्या सावलीत डोक्याएवढी कॉफीची झुडपं. जानेवारी म्हणजे अरेबिकाच्या तोडणीचा शेवट आणि रोबस्टाची सुरुवात. कमरेला पिशव्या बांधलेल्या बायका लाल झालेलं फळ तेवढं खुडत होत्या, हिरवं मागे ठेवत होत्या. मी एक फळ तोंडात टाकलं. गोड! पातळ गर चोखून झाला की आत एकमेकींना चिकटून बसलेल्या दोन बिया. कधी कधी एकच गोल बी असते, ती पीबेरी. खळ्यावर हीच फळं नि बिया पसरलेल्या आणि दोन माणसं लाकडी दाताळ्यानं त्या सारख्या वरखाली करत होती. नाही हलवलं तर बुरशी धरते. कॅफेत कप अर्धा टाकून उठणाऱ्या मला जरा ओशाळल्यासारखं झालं, खोटं कशाला बोलू.

दोन कप, एक मशीन

होमस्टेच्या आंटी पितळी फिल्टरमधली कॉफी देतात. वाटीसारखा डबरा, त्यात उपडा पेला, वर फेस. मालकांचा मुलगा मात्र बंगळुरूची आयटीची नोकरी सोडून आलेला आणि त्याचा ओटा म्हणजे एक छोटी लॅब. एक साधं सिंगल बॉयलर मशीन, शेजारी दंडगोल, हँडल असलेलं हातग्राइंडर. मी मोठ्या ऐटीत माझी यादी त्याच्यासमोर ठेवली.

त्यानं वरपासून खालपर्यंत वाचली आणि विचारलं, "इसमें ग्राइंडर कहाँ है?"

"मिक्सर है ना घर पे."

तो हसला नाही. ते जास्त वाईट. उठला आणि त्यानं एकाच पुड्यातल्या बिया १८-१८ ग्रॅम मोजल्या. पहिल्या आंटींच्या मिक्सरमध्ये फिरवल्या, भरल्या, दाबल्या, बटण दाबलं. दहा सेकंदांत पाणी धो धो खाली. रंग पातळ, फेस फिका. चव? आधी आंबट, मग कडू. थेट माझ्या माळ्यावरच्या खोक्याची आठवण!

दुसऱ्या १८ ग्रॅम हातग्राइंडरमध्ये. मिनिटभर हँडल फिरवलं. तेच मशीन, तेच बटण. पाच-सहा सेकंद काहीच नाही, मग उंदराच्या शेपटीसारखी दाट तपकिरी धार. २८ सेकंदांत ३६ ग्रॅम. मी घोट घेतला आणि गप्प बसले. साखर न घालता गोडसर लागणारी कॉफी मी पहिल्यांदा पीत होते.

मग त्यानं ग्राइंडरचा खटका दोन घरं बारीककडे सरकवला. तिसरा कप ४० सेकंदांवर जाऊनही थेंब थेंबच टपकत राहिला आणि करपल्यासारखा कडू झाला. "मशीनला मी हात लावला का?" त्यानं विचारलं. नव्हता लावला. तीन कप, तीन चवी आणि बदललं होतं फक्त दळण.

कारण सोपं आहे. फिल्टर कॉफीत पाणी आपल्या वजनानं निवांत खाली झिरपतं, त्यामुळे दळण थोडं इकडेतिकडे झालं तरी चालतं. एस्प्रेसोत तेच पाणी सुमारे ९ बार दाबानं, म्हणजे हवेच्या दाबाच्या जवळपास नऊपट जोरानं, २५ ते ३० सेकंदांत ढकलायचं असतं. त्याला अडवणारी एकच गोष्ट म्हणजे पावडरीचा तो इंचभर थर नसलेला गठ्ठा. मिक्सरचं पातं बिया कापत नाही, फोडतं. त्यात काही खडे राहतात, काही भुगा होतो. खड्यांतून रस निघत नाही, म्हणून आंबट. भुग्यातून नको तितका निघतो, म्हणून कडू. आणि पाणी तर काय, वाट दिसेल तिथून पळतं. बर ग्राइंडरमध्ये दोन दातेरी चकत्या किंवा शंकू असतात, त्यांच्यातल्या फटीएवढाच दाणा खाली पडतो. फट कमीजास्त करता येते. थोडक्यात, जातं!

हे ऐकताना मला एकदम आमच्या नाक्यावरची गिरणी आठवली. आई डबा ठेवताना गिरणीवाल्याला बजावते, भाकरीचं बारीक, भाजणी जाडसर, आणि आधी कुणाचं मिरची-मसाल्याचं दळलेलं नाही ना? घरी आल्यावर पीठ चिमटीत घेऊन बघते. दळण बिघडलं तर तवा कितीही महागाचा असो, भाकरी तुटणारच. हे आईला शाळेत कुणी शिकवलं नव्हतं. आणि मी मास कॉमची डिग्री घेऊन मिक्सर घेऊन निघाले होते.

१५ बारचं गौडबंगाल

दुसऱ्या दिवशी खळ्याच्या कट्ट्यावर बसून आम्ही यादी नव्यानं लिहिली. तुमच्याही उपयोगाची आहे म्हणून सांगते.

खोक्यावर मोठ्या अक्षरात '१५ बार' लिहिलेलं असतं, तो पंपाचा कमाल जोर. कॉफीला लागतात साधारण ९. त्यामुळे '२० बार' वाचून हुरळून जाऊ नका. उलट ४ बारवाली स्वस्त वाफेची मशीन्स, म्हणजे माझ्या माळ्यावरचं ते पात्र, पंपाशिवाय फक्त वाफेच्या दाबावर चालतात. त्यातून कडक कॉफी येईल, एस्प्रेसो नाही. १९०१ मध्ये मिलानच्या लुइजी बेझेरानं पेटंट घेतलेलं यंत्रही वाफेवरच चालायचं. वरचा तो सोनेरी फेस, क्रेमा, आला तो चाळीसच्या दशकात, आकिले गाज्जियाच्या लिव्हर मशीनबरोबर. ही दाबाची करामत.

दुसरी गोम बास्केटची. स्वस्त मशीनबरोबर बहुधा दुहेरी तळाची जाळी येते, खाली एकच बारीक भोक. दळण कसंही असो, त्या भोकातून जोरात येताना फेस होतोच. दिसायला क्रेमा, चवीला फुस्स. ग्राइंडर चांगलं घेतलंत की एकेरी तळाची बास्केट वेगळी घ्या. मात्र मशीनला ती बसते ना, हे मापानिशी बघा. लहान मशीन्स बऱ्याचदा ५१ किंवा ५४ मिमीची असतात, कॅफेतलं माप ५८.

तिसरी गोष्ट वीज. अशी मशीन्स १,३०० ते १,४०० वॉट खेचतात. भाड्याच्या फ्लॅटमध्ये ओट्याजवळ जाड पिनांचं सॉकेट आहे का, आणि त्याच वेळी गीझर लावला तर फ्यूज उडणार नाही ना? हसू नका, आमच्याकडे मिक्सर आणि इस्त्री एकत्र चालत नाहीत.

चौथी, पाणी. बोअरचं जड पाणी असेल तर आत क्षार साचून मशीन चोंदतं. गाळलेलं मऊ पाणी घाला आणि कंपनी सांगेल तेव्हा डीस्केलिंग करा. पाचवी, सर्व्हिस. तुमच्या शहरात दुरुस्ती होत नसेल तर कितीही सुंदर मशीन शेवटी माळ्यावरच जातं. हे मी अनुभवानं सांगतेय!

आणि ग्राइंडर हाताचं का? तर विजेच्या ग्राइंडरमध्ये आपले पैसे मोटरवरही जातात. हाताच्यात ते सगळे चकत्यांच्या पोलादावर लागतात. मोटर म्हणजे आपला दंड. रोज दोन कप लागत असतील तर मिनिटभराचा व्यायाम काही वाईट नाही. घरात सहा कॉफीबाज असतील तर मात्र विजेचंच बघा. घेताना एवढंच विचारा, "हे एस्प्रेसोइतकं बारीक दळतं का, आणि खटके पुरेसे जवळ आहेत का?" पोरओव्हरसाठी छान असलेली कितीतरी ग्राइंडर्स इथे हात टेकतात.

एम. जी. रोडवरचा वास

परतीच्या दिवशी चिकमगळूरच्या एम. जी. रोडवर. इथे पत्ता विचारावा लागत नाही, नाकानं जायचं. एकामागून एक कॉफीपुडीची दुकानं. आपल्याकडे सोनाराच्या दुकानात असावी तशी गर्दी. 'पांडुरंग कॉफी' ही पाटी दिसल्यावर मी नकळत हात जोडले! आमच्या पुढच्या गिऱ्हाइकानं ८०-२० मागितली, म्हणजे ८० टक्के कॉफी, २० टक्के चिकोरी. फिल्टरमध्ये चिकोरीनं रंग आणि दाटपणा येतो, त्यामुळे आंटींना ती हवीच असते. एस्प्रेसोसाठी मात्र बिनचिकोरीची, न दळलेली बी मागायची.

पाकिटावर एक्स्पायरीपेक्षा रोस्टिंगची तारीख बघायची, हेही इथेच शिकले. भाजल्यावर साधारण आठवडाभर थांबायचं, बियांतला वायू निघून जाऊ द्यायचा आणि पुढच्या महिनाभरात संपवायचं. दळून ठेवलेल्या पावडरीचा वास तर काही मिनिटांतच उडायला लागतो.

अरेबिका घ्यावी की रोबस्टा? 'शंभर टक्के अरेबिका' ही पाटी बघून आपण खूश होतो. पण भारतात पिकते त्यात रोबस्टाच जास्त, आणि आपली कॉफी सर्वाधिक विकत घेणारा देश आहे इटली. तिथल्या अनेक एस्प्रेसो ब्लेंडमध्ये दाटपणा आणि क्रेमासाठी आपली रोबस्टा जाते. म्हणजे ज्या इटालियन कॉफीसाठी आपण जीव टाकतो, तिचा काही भाग याच घाटातून बोटीत बसून गेलेला असतो. मी दोन पुडे घेतले. एक बाबाबुदनगिरीची अरेबिका, जिला २०१९ मध्ये जीआय मानांकन मिळालं. दुसरा, थोडी रोबस्टा घातलेला ब्लेंड.

आणि ओट्यावर...

घरी आल्यावर आठवड्याभरात खरेदी उरकली. हातग्राइंडर ८,५०० रुपये. थर्मोब्लॉकचं, ५१ मिमीचं साधं पंपवालं मशीन १७,९००. एकेरी तळाची बास्केट १,२००. दशांश ग्रॅम दाखवणारा वजनकाटा ९००. अडीचशे ग्रॅमचे दोन पुडे १,१००. एकूण २९,६००. झकास कप राहून गेला, घरातला स्टीलचा पेला आहे. प्रवासखर्च यात धरलेला नाही. हा लेख छापून आला की तो सुटेल, म्हणजे प्रोसेसमधून बाहेर आला की!

पहिला कप बेसिनमध्ये गेला. दुसराही. तिसऱ्याला धार सुटली ती आठ सेकंदांत कप भरून. नवव्या कपापर्यंत १६० ग्रॅम, म्हणजे साडेतीनशे रुपयांची बाबाबुदनगिरी नाल्याला लागली होती. आई दाराशी उभी राहून बघत होती. काही बोलत नव्हती, पण तिची नजर एकदा माळ्याकडे गेली, ती मी पाहिली.

दहाव्या वेळी मी हँडल फिरवून डबी उघडली तशी ती आत आली. पावडर चिमटीत घेतली. अंगठ्यानं बोटावर घासली, उजेडाकडे धरली.

"ही भाजणी झालीय. थालीपिठाला चालेल. बारीक कर अजून."

मी खटका तीन घरं आत घेतला. दळलं, भरलं, दाबलं. पाच सेकंद, सहा सेकंद... आणि मग ती उंदराची शेपटी! २७ सेकंद. घरात कडूर स्टेशनपासून एम. जी. रोडपर्यंतचा सगळा वास.

आईनं त्यात दूध ओतलं, दोन चमचे साखर घातली आणि स्टीलच्या पेल्यातून प्यायली. "बरी आहे," म्हणाली. आमच्या घरात याहून मोठं प्रशस्तिपत्रक नसतं.

आता खरा हिशेब. घरचा एक कप दुधासकट साधारण ५० रुपयांना पडतो, कॅफेत २५०. म्हणजे दर कपामागे २०० वाचले तर दीडशेएक कपांनी पैसे वसूल, साधारण सात महिने. पण त्यासाठी कॅफे खरंच सुटायला हवं, आणि ते काही पूर्ण सुटलेलं नाही. साडेतीनला कुणी 'कॉफी?' विचारलं की मी जातेच, कारण तिथे आपण कॉफीसाठी जात नसतो. सकाळची पहिली मात्र घरची. त्या वेळी खटका कुठल्या घरावर ठेवायचा, हे अजूनही आईच सांगते.

माळ्यावरचं खोकं गेल्या रविवारी भंगारवाल्याला दिलं. १२० रुपये आले. आई म्हणाली, "पुढच्या पुड्याला लाव."

खिसा बघून...

१० हजारांच्या आत : एस्प्रेसोचा हट्ट सोडा. इटलीच्या बियालेत्तीनं १९३३ मध्ये आणलेला मोका पॉट किंवा आपला साउथ इंडियन फिल्टर घ्या आणि उरलेले पैसे हातग्राइंडरवर लावा. कॉफी फर्स्ट क्लास.

२० हजारांच्या आसपास : हातानं दाब देणारं लिव्हर मशीन आणि चांगलं हातग्राइंडर. वीज नको, मोटर नको, फक्त कढत पाणी. दूध फेसाळायची सोय मात्र वेगळी करावी लागते.

३० हजार : लहान पंपवालं मशीन, एकेरी तळाची बास्केट, हातग्राइंडर, वजनकाटा. म्हणजे माझाच संसार.

त्याहून जास्त : ५८ मिमीचं सिंगल बॉयलर मशीन बघा. गाज्जिया क्लासिक हे त्यातलं जुनं नाव, १९९१ पासूनचं. पण तेव्हाही बजेटचा निदान तिसरा हिस्सा ग्राइंडरसाठी आधी बाजूला काढा. मशीन नंतर बदलता येतं. दळण बिघडलेलं असेल तर कुठलंच मशीन कामाचं नाही.